बारा अंश, दोनदा

श्रोतेहो, नमस्कार.

2013 च्या डिसेंबरात जे टोरांटोत होते, त्यांना ती रात्र आठवत असेल. पाऊस पडत होता आणि पडल्याजागी गोठत होता. पहाटेपर्यंत झाडांवर, विजेच्या तारांवर काचेसारखा थर चढला. फांद्या कडाकडा मोडून तारांवर कोसळल्या आणि लाखो घरं अंधारात गेली. आमची वीज तीन दिवसांनी आली. फर्नेस बंद, त्यामुळे घर हळूहळू गार पडत गेलं. आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवले. पण घरात असा एक जण होता, की ज्याला स्वेटर घालून काही उपयोग नव्हता.

तो म्हणजे शेंदऱ्या, माझ्या मुलाचा कॉर्न स्नेक. हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. रंगाने नारिंगी-तांबूस, आणि पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी, रंगीत मक्याच्या कणसावर असते तशी. शेंदऱ्या तेव्हा चार वर्षांचा होता आणि मुलगा दहाचा. वीज जाण्याच्या दोनच दिवस आधी शेंदऱ्याने उंदीर गिळला होता. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती फिरणार आहे, म्हणून ती ध्यानात असू द्या.

साप स्वतःच्या शरीरात ऊब तयार करत नाही, बाहेरून घेतो. आपण पोळी खाल्ली की खोली गार असो वा गरम, ती पचते. सापाचं तसं नसतं. त्याच्या पोटातले पाचक रस ऊब असेल तरच कामाला लागतात. ऊब गेली की पचन थांबतं, आणि पोटातला उंदीर तिथेच कुजायला लागतो. दुसऱ्या रात्री पेटीतला थर्मामीटर 12 अंशांवर आला. गॅसची शेगडी काडीने पेटवता येत होती, म्हणून आम्ही पाणी तापवून बाटल्यांत भरत होतो, बाटल्या टॉवेलात गुंडाळून थर्मोकोलच्या खोक्यात ठेवत होतो आणि दर तीन तासांनी बदलत होतो. मुलाने तर त्याला उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्र्याचं तोंड बांधून, आपल्या जाकिटाच्या आत घेतलं आणि तसाच बसून राहिला. तरीही पहाटे शेंदऱ्याने उंदीर उलटून टाकला. त्याचा वास मी आजही विसरलेले नाही.

तो वाचला. डॉक्टरांनी सांगितलं, दोन आठवडे काहीही देऊ नका, मग अगदी लहान उंदीर द्या, नेहमीच्या अर्ध्यापेक्षाही लहान. आम्ही तसंच केलं.

आता दुसरी गोष्ट. त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही त्याच शेंदऱ्याला मुद्दाम, ठरवून, दहा आठवडे 12 अंशांवर ठेवलं. त्याला काहीही झालं नाही. साप तोच, अंशही तेवढेच. मग फरक कशात होता? पहिल्या वेळी थंडीने त्याला भरल्या पोटी गाठलं होतं. दुसऱ्या वेळी पोट रिकामं होतं आणि थंडी पायरी-पायरीने आली होती.

हे मला खऱ्या अर्थाने उमगलं ते कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात. विनिपेगच्या उत्तरेला नार्सिस नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडीच्या जमिनीत भेगा आणि विवरं आहेत, आणि त्यांत गार्टर जातीचे हजारो साप हिवाळा काढतात. बाहेर उणे तीस-चाळीस असतं, पण जमीन जिथपर्यंत गोठते त्याच्याही खाली हे साप उतरलेले असतात. तिथे गारठा असतो, पण गोठण नसते. एप्रिल-मे महिन्यात ते वर येतात तेव्हा दगडांवर सापांची सळसळती चटईच पसरल्यासारखी दिसते. मी कठड्याशी तासभर उभी होते. पण 1999 मध्ये थंडी अशा वेळी आली, की साप पुरते खाली पोहोचलेच नव्हते, आणि हजारोंनी मेले. शिवाय विवरांकडे जाताना ते हमरस्त्यावर चिरडले जात, म्हणून रस्त्याखालून त्यांच्यासाठी बोगदे केले आहेत. तिथल्या लोकांनी सापांसाठी एवढं केलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

या हिवाळी गुंगीला इंग्रजीत ब्रूमेशन म्हणतात. आपण मराठीत शीतनिद्रा म्हणतो खरं, पण साप गाढ झोपलेला नसतो. मंद झालेला असतो. हात लावला तर हलतो, जीभ बाहेर काढतो, तहान लागली तर पाणी पितो.

घरी साप असलेल्या श्रोत्यांना माझं पहिलं सांगणं हे, की तुमच्या सापाला याची बहुधा गरजच नाही. पिल्लं हवी असतील तर थंडावा उपयोगाचा, कारण त्यानंतर नर-मादी दोघांची शरीरं एकाच वेळी वसंताला तयार होतात. नुसता पाळायचा असेल तर कॉर्न स्नेक वर्षभर उबेत छान राहतो. आणि बॉल पायथन किंवा बोआ असेल तर हा विचारही मनात आणू नका. ते उष्ण प्रदेशातले जीव आहेत, इतकी थंडी त्यांना मारते. पिल्लू, हडकलेला किंवा आजारी साप कुठल्याही जातीचा असला तरी त्याला उबेतच ठेवा.

आम्ही काय केलं ते सांगते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शेवटचा उंदीर दिला. पुढचे तीन आठवडे खाणं बंद, पण ऊब मात्र पूर्ण चालू. लोक चुकतात ते इथेच. खाणं थांबवलं की लगेच हीट मॅटही बंद करतात. पोट साफ व्हायला तीच ऊब लागते. त्याची विष्ठा पडल्याची खात्री केली आणि मगच थर्मोस्टॅट दर दिवसाआड एक-दोन अंशांनी खाली आणला. दोनेक आठवड्यांनी त्याला बेसमेंटमधल्या एका अंधाऱ्या कपाटात हलवलं. तिथे 10 ते 13 अंशांच्या दरम्यान असायचं. थर्मामीटर भिंतीवर लावू नका, साप जिथे पडून असतो तिथे तळाशी ठेवा. पाणी आठवड्यातून एकदा बदलायचं, तेव्हाच बॅटरीच्या उजेडात त्याला पाहायचं. दर पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. सुरुवातीला 520 ग्रॅम होतं, शेवटी 508. एवढी घट चालते. शरीराचा दहावा हिस्सा घटला, नाकातोंडाशी बुडबुडे दिसले, श्वासाला घरघर आली किंवा तोंड उघडं ठेवून तो डोकं वर धरू लागला, तर प्रयोग तिथेच थांबवा. हळूहळू ऊब वाढवा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर गाठा. छातीचा संसर्ग वाट पाहत नाही.

ज्यांना यातलं काही करायचं नाही, त्यांच्यासाठी इथल्या हिवाळ्यात दोनच गोष्टी. फर्नेसने हवा कोरडी होते आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरचा कातीचा पापुद्रा तसाच राहतो. म्हणून पेटीत ओलसर शेवाळाचा एक डबा ठेवा. आणि वादळाचा इशारा आला की त्या आठवड्यात सापाला खायला घालू नका. निरोगी मोठा साप दोन आठवडे उपाशी सहज राहतो.

महाराष्ट्रात हे ऐकणारे कुणी असतील, तर त्यांना हात जोडून सांगते. हे सगळं तिथे करायचं नाही. धामण असो, मांडूळ असो, आपल्याकडचे साप 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यांना घरात ठेवणं गुन्हा आहे. आणि थंडीत साप बाहेर पडत नाहीत यावर विसंबूही नका. घोणस हिवाळ्यातच जोडीदाराच्या शोधात फिरते. कडब्याच्या गंजीत हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. साप निघालाच तर सर्पमित्राला बोलवा.

शेंदऱ्या यंदा सोळा वर्षांचा झाला. मुलगा नोकरीसाठी व्हँकूवरला आहे, पेटी माझ्या खोलीत आली आहे. म्हाताऱ्या सापाला थंडावा देत नाही मी. पण त्या वर्षीचा फेब्रुवारी अजून डोळ्यांसमोर आहे. दहा दिवस ऊब चढवत आणली होती. अकराव्या दिवशी मुलाने चिमट्यात अगदी लहान उंदीर धरला. शेंदऱ्या बराच वेळ नुसता पाहत राहिला, जीभ लवलवली, आणि मग त्याने तो इतक्या हळुवार घेतला की मुलगा कुजबुजला, "आई, घेतला गं."

नमस्कार.