पाटी लावण्यापूर्वी: दुकानाचा नामफलक आणि महापालिकेचा परवाना

(मुंबईतील किरकोळ व्यापाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)

मित्रहो,

नवे दुकान उघडताना कामांचा जो क्रम आपल्याकडे रूढ झाला आहे, तो आपणा सर्वांना परिचित आहे. गाळा ताब्यात येतो, रंगकाम आणि फर्निचर होते, उद्घाटनाचा मुहूर्त ठरतो, आणि मुहूर्ताला दहा-बारा दिवस उरले की बोर्डवाल्याला बोलावले जाते. तो मोबाइलवर चार नमुने दाखवतो, मालक त्यांतला सर्वांत झगझगीत नमुना निवडतो, आणि बोर्ड चढल्यानंतर काही महिन्यांनी महापालिकेच्या अनुज्ञापन (परवाने देणाऱ्या) खात्याची नोटीस आली म्हणजे परवान्याची शोधाशोध सुरू होते. मला आज सांगायचे आहे ते एवढेच की, परवाना मिळणार की नाही, मिळाला तर किती खर्चाचा पडणार, आणि मुळात तो लागणार आहे की नाही, हे सर्व बोर्डवाल्याच्या त्या चित्रातच ठरून गेलेले असते. विभाग कार्यालयाच्या खिडकीवर त्याची केवळ नोंद होते. म्हणून अर्जाविषयी बोलण्याआधी फलकाविषयी बोलले पाहिजे.

मुंबईपुरते बोलायचे तर या परवान्याचा आधार मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ यामध्ये आहे. त्याच्या कलम ३२८ मध्ये आकाशचिन्हांचे (इमारतीवर उभारलेल्या, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या फलकांचे) आणि कलम ३२८अ मध्ये इतर जाहिरातींचे नियमन आहे. ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांना १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू असून तेथे हाच विषय कलम २४४ आणि २४५ मध्ये येतो. तेथे ज्यांची शाखा असेल त्यांनी त्या शहराचे नियम स्वतंत्रपणे पाहावेत, कारण शुल्क आणि मापे यांत फरक पडतो.

कलम ३२८अ प्रथमदर्शनी कठोर वाटते. आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून कोणत्याही जमिनीवर, इमारतीवर, भिंतीवर किंवा सांगाड्यावर जाहिरात लावता येणार नाही, असे ते म्हणते. परंतु त्यालाच जोडून एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी तरतूद, आहे, आणि लहान दुकानदाराच्या दृष्टीने सारे मर्म त्या परंतुकातच आहे. जी जाहिरात प्रकाशित, म्हणजे दिव्याने उजळलेली, नाही, जी आकाशचिन्ह नाही, आणि जी त्याच जागेत चालणाऱ्या व्यवसायासंबंधी आहे, तिला ही परवानगी लागत नाही. म्हणजे किराणा दुकानाच्या शटरवर, दुकानाच्या रुंदीत बसणारी, भिंतीला सपाट लागलेली, दिवा नसलेली नावाची पाटी या कलमाच्या कक्षेबाहेर राहते. काचेच्या आतून, खिडकीत लावलेल्या अप्रकाशित फलकालाही अशीच सूट आहे. ज्या दुकानदाराला एवढ्यावर भागवायचे आहे, त्याने या कलमाखाली अर्ज करण्याची गरज नाही, आणि ‘बोर्डाचे लायसन काढून देतो’ म्हणून सांगत येणाऱ्या मध्यस्थाला पैसे देण्याचीही नाही.

आता या तीन अटी एकेक करून पाहू. कारण त्यांपैकी एक जरी सुटली तरी परवानगी आवश्यक होते.

पहिली अट प्रकाशाची. ज्याला आपण ग्लोसाइन म्हणतो तो पेटीतला बोर्ड, आतून एलईडी लावलेली अ‍ॅक्रिलिकची अक्षरे, किंवा अक्षरांच्या मागून भिंतीवर उजेड पाडणारा बॅकलिट प्रकार, हे सर्व प्रकाशित फलक होत. यांना परवाना लागतो आणि फलकाचे क्षेत्रफळ जसे वाढते तसे शुल्कही वाढते. जीएसटी आल्यावर जाहिरात कर गेला, मग हे शुल्क कशाचे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. राज्यघटनेच्या १०१ व्या दुरुस्तीने राज्य सूचीतील जाहिरातींवरील कराची ५५ वी नोंद वगळली गेली हे खरे आहे. पण आपण भरतो ते परवाना शुल्क आहे, आणि परवानगी देण्याचा महापालिकेचा अधिकार त्या दुरुस्तीने गेलेला नाही. साध्या एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या) पत्र्याच्या बोर्डावर वरून दोन फोकस सोडले तर तो प्रकाशित ठरतो का, यावर निरीक्षकाशी दारात उभे राहून वाद घालण्यात माझ्या मते काही अर्थ नाही. ते दिवे लावायचेच असतील तर चित्रात दाखवावेत आणि खात्याचे म्हणणे आधी लेखी घ्यावे.

दुसरी अट व्यवसाय त्याच जागेतला असण्याची. येथे फसगत होते ती फुकटच्या बोर्डामुळे. शीतपेयाची, मोबाइलची किंवा रंगाची कंपनी दुकानदाराला बोर्ड विनामूल्य करून देते. त्यावर तीन चतुर्थांश जागेत कंपनीचे चिन्ह आणि उत्पादनाचे छायाचित्र असते, आणि उरलेल्या पट्टीत दुकानाचे नाव बारीक अक्षरांत कोंबलेले असते. असा फलक दुकानाची ओळख सांगतो की कंपनीची जाहिरात करतो, हा प्रश्न विचारायला निरीक्षक फार हुशार असावा लागत नाही. विनापरवानगी जाहिरात आढळली, तर ती ज्याच्या वतीने लावल्याचे दिसते त्यानेच हा भंग केला, असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकतो. बोर्ड कंपनीचा असला तरी नाव आणि जागा दुकानदाराची असल्याने पहिली नोटीस बहुधा त्याच्याच हातात पडते. म्हणून असा बोर्ड स्वीकारताना परवाना कोण काढणार आणि शुल्क कोण भरणार, हे कंपनीकडून पत्रावर लिहून घ्यावे. वितरकाच्या तोंडी आश्वासनाला येथे किंमत नाही.

तिसरी अट आकाशचिन्ह नसण्याची, आणि ही सर्वांत दुर्लक्षित अट आहे. इमारतीवर खांब, सांगाडा किंवा अन्य आधार देऊन उभारलेली जी अक्षरे अथवा चिन्हे रस्त्यावरील कोणत्याही ठिकाणाहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतात, ती आकाशचिन्हे. लंडनमध्ये १८९१ साली यासाठी वेगळा कायदाच झाला होता. आपल्याकडील व्याख्येतून काही गोष्टी वगळलेल्या आहेत, आणि त्यांतील एक आपल्या कामाची आहे: भिंतीच्या किंवा कठड्याच्या माथ्यावर पक्का बसवलेला बोर्ड जर एकसंध पृष्ठभागाचा असेल, म्हणजे त्यातून आरपार दिसत नसेल, आणि त्या भिंतीपेक्षा ३ फुटांहून अधिक उंच जात नसेल, तर तो आकाशचिन्ह मानला जात नाही.

आता सध्याची पद्धत पाहा. एकमजली गाळ्यांच्या रांगेत कठड्यावर लोखंडी अँगल उभे करून त्यांवर सुटी सुटी अक्षरे बसवली जातात. दोन अक्षरांमधून आकाश दिसते, म्हणजे एकसंध पृष्ठभागाची सूट गेली. अक्षरे उठून दिसावीत म्हणून ४ फुटांची केली जातात, म्हणजे उंचीची सूटही गेली. आणि आत एलईडी असल्याने पहिली अटही मोडली. तेच नाव कठड्याच्या खाली, भिंतीच्या पट्ट्यावर सपाट बसवले असते तर आकाशचिन्हाचा प्रश्नच उद्भवला नसता. बोर्डवाल्याला या भेदाचे काहीच सोयरसुतक नसते, कारण त्याचा दर चौरस फुटावर असतो.

आकाशचिन्हाची परवानगी एका वेळी दोन वर्षांपेक्षा अधिक काळासाठी देता येत नाही आणि काही प्रसंगी ती आपोआप रद्द होते: शहर अभियंत्याच्या निर्देशानुसार मजबुतीसाठी केलेले काम सोडून त्यात काही भर घातली तर, त्याच्या कोणत्याही भागात बदल केला तर, ते किंवा त्याचा एखादा भाग अपघाताने अथवा कुजून पडला तर, ज्या इमारतीवर ते आहे तिच्यात त्याला धक्का लागेल असे बांधकाम केले तर, किंवा ती इमारत रिकामी झाली अथवा पाडली गेली तर. ‘आपोआप’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. वादळात एक अक्षर गळून पडले आणि मालकाने ते गुपचूप पुन्हा बसवले, तर त्याच्या समजुतीप्रमाणे ती दुरुस्ती असते, कायद्याच्या दृष्टीने मात्र तो आता परवान्याविना उभा असलेला सांगाडा असतो. पावसाळ्यानंतर ज्यांनी असे काही केले असेल त्यांनी जुनी परवानगी काढून वाचावी.

१३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगर येथे वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळलेल्या महाकाय जाहिरात फलकाने १७ जणांचा बळी घेतला. महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची असताना तो फलक सुमारे १२० बाय १२० फुटांचा होता. दुकानाच्या पाटीची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही. पण गच्चीवरच्या लहान सांगाड्यालाही तोच वारा लागतो, आणि संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र मागणाऱ्या अधिकाऱ्याला आडमुठा म्हणण्याचा अधिकार त्या दिवसानंतर आपल्याला उरलेला नाही, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे येतो. दुकान ज्या विभागात असेल त्या विभाग कार्यालयाचे अनुज्ञापन खाते हे काम पाहते. दादर-माहीमच्या दुकानदाराला जी/उत्तर विभाग कार्यालयात जावे लागते. कागद साधारणतः ठरलेले असतात: गुमास्त्याची (दुकाने व आस्थापना कायद्याखालची) नोंद, जागेच्या मालकीचा किंवा भाड्याचा पुरावा, सोसायटीचे अथवा घरमालकाचे ना-हरकत पत्र, जागेचे छायाचित्र आणि फलकाचे मापांसह चित्र. पागडीच्या इमारतीत ना-हरकतीसाठी घरमालकाकडे जावे लागते आणि तेथे महिने जातात, म्हणून ते पत्र जागेच्या करारासोबतच मागून घ्यावे. या सर्व कागदांवर दुकानाचे नाव तंतोतंत एकच असावे. गुमास्त्यावर एक नाव, भाडेकरारावर मालकाचे व्यक्तिगत नाव आणि फलकावर तिसरेच काही, अशी फाईल हमखास अडते.

चित्राकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. १२ फूट रुंद आणि ३ फूट उंच फलक म्हणजे ३६ चौरस फूट, इतके सरळ गणित असते, पण बोर्डवाला जे चित्र देतो त्यात फक्त मजकूर आणि रंग असतात. चौकटीची बाहेरून बाहेरपर्यंतची मापे, रस्त्यापासून फलकाच्या खालच्या कडेची उंची, भिंतीपासून तो किती बाहेर येतो, बसवण्याची पद्धत आणि दिव्याचा प्रकार, हे पाचही तपशील त्यात लिहून घ्यावेत. फलक भिंतीला काटकोनात बाहेर काढलेला असेल तर दोन्ही बाजू दाखवाव्यात. निरीक्षक जागेवर येतो तेव्हा तो टेपने हेच मोजणार असतो, आणि कागदावर ३ फूट असलेला बोर्ड चौकटीसह साडेतीन फूट भरला तर आधीची सारी मेहनत वाया जाते.

याच चित्रात आता अक्षरांचाही विचार करावा लागतो. दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली कलम ३६अ आले आणि कामगार कितीही असोत, प्रत्येक आस्थापनेचा नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असणे बंधनकारक झाले. इतर भाषा लिहिता येतात, पण सुरुवात मराठीने हवी आणि मराठी अक्षरांचा आकार इतर अक्षरांपेक्षा लहान नको. व्यापाऱ्यांच्या एका संघटनेची याविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये फेटाळली, आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या मुदतीत अनेकांनी घाईघाईने बोर्ड बदलले. दुकाने व आस्थापना खात्याचे समाधान झाले. परंतु ज्यांच्याकडे प्रकाशित फलकाचा परवाना होता, त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी नवे माप आणि नवा मजकूर अनुज्ञापन खात्याला कळवलाच नाही. एकाच पाटीकडे महापालिकेची दोन खाती दोन वेगळ्या नजरांनी पाहतात, आणि एकाला दिलेली माहिती दुसऱ्याकडे आपोआप पोहोचते असे समजू नये.

फोर्ट भागात किंवा वारसा यादीतील इमारतीत ज्यांचे दुकान आहे, त्यांच्यासाठी वारसा संवर्धन समितीचा आणखी एक टप्पा येऊ शकतो. त्याबद्दल कुरकुर फार ऐकू येते, म्हणून दादाभाई नौरोजी मार्गाकडे बोट दाखवतो. तेथील कमानींवर आडव्या बोर्डांची अशी गर्दी झाली होती की मागचे दगडी काम झाकून गेले होते. गेल्या शतकाच्या अखेरीस वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या आराखड्यानुसार तेथे फलक कमानीच्या आत, तिच्या आकाराला धरून बसवण्याची मार्गदर्शक तत्त्वे ठरली आणि दुकानदारांनीही त्यात सहभाग घेतला. या कामाची युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत दखल घेतली गेली. फलक लहान झाले म्हणून त्या रस्त्यावरचा ग्राहक दुकान चुकला, असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पदपथावर ठेवायच्या घडीच्या पाट्यांबद्दल फार बोलायला नको. त्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३१२ ते ३१४ मध्ये येतात आणि सूचना न देता उचलल्या जाऊ शकतात.

शेवटचा मुद्दा दुकान सोडताना उपस्थित होतो. भाडेकरू जातो, बोर्ड राहतो, आणि नवा भाडेकरू जुन्याच सांगाड्यावर नवे फ्लेक्स ताणतो. परवाना मात्र जुन्या व्यक्तीच्या नावावर आणि जुन्या व्यवसायासाठी दिलेला असतो. जाणाऱ्याने बोर्ड उतरवून, तसे लेखी कळवून त्याची पोच घ्यावी, नाहीतर नूतनीकरणाच्या थकबाकीची मागणी त्याच्याच नावावर निघत राहील. येणाऱ्याने सांगाडा वापरायचा असला तरी नवा अर्ज करावा, आणि करारनाम्यात अनामत रकमेच्या कलमाखाली फलक कोणी, कोणत्या तारखेपर्यंत उतरवायचा याची एक ओळ घालून घ्यावी.