उजव्या खांद्यामागचं ऊन

मंडळी, पहाटे कॅमेरा घेऊन निघालेला माणूस बहुतेक वेळा सूर्याचाच फोटो काढतो आणि तिथेच फसतो. सूर्याचा गोळा मुंबईत काढा नाहीतर मुक्ताईनगरात, दिसतो सारखाच. पाहायचं असतं ते त्या उन्हानं आपल्या जमिनीचं काय केलं हे. म्हणून आज आधी दिशा, मग वेळ आणि कॅमेऱ्याची बटणं सगळ्यात शेवटी.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे खानदेशात सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही. तो साधारण २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. सातपुडा आपल्या उत्तरेला, पूर्व-पश्चिम पसरलेला. यावल-चोपड्याकडच्या शेतात त्याच्याकडे तोंड करून उभे राहिलात की ऊन उजव्या खांद्यामागून येतं आणि डोंगराच्या घड्यांवर तिरपं पडतं. एक सोंड उजळलेली, शेजारची घळ काळी. जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडून उगवतो, तेव्हा हेच उतार सकाळी सावलीत राहतात. सातपुडा काढायचा तो थंडीतच.

तापीवर हिशेब उलटा. पाण्यावरची वाफ पाठीवर ऊन घेऊन काढली तर पांढुरकी, मेलेली दिसते. धुकं, धूर, वाफ यांचे बारीक कण प्रकाश पुढच्या दिशेला जास्त फेकतात, म्हणून ऊन समोरून हवं. नदीच्या उत्तर काठावर उभं राहायचं, म्हणजे सूर्य समोर डावीकडे येतो. तो प्रत्यक्ष चौकटीत घेऊ नका. एखाद्या बाभळीच्या खोडाआड लपवा.

आता वेळ. जळगावला जानेवारीत सूर्योदय सात वाजून पाच-दहा मिनिटांनी होतो, नंदुरबारला त्याहून पाचेक मिनिटं उशिरा. सूर्य तासाला साधारण साडेबारा अंश वर चढतो. उगवल्यावर अर्ध्या तासानं माणसाची सावली त्याच्या उंचीच्या नऊ-साडेनऊ पट असते, तासाभरानं साडेचार पट, दोन तासांनी जेमतेम दुप्पट. म्हणजे हातात पाऊण तास आहे. सातला अंथरुणातून उठणाऱ्याच्या वाट्याला उरलेलं ऊन येतं. साडेसहाला जागेवर पोचलेलं बरं, कारण सूर्योदयाआधीची वीस मिनिटं निराळीच असतात: आकाश निळं, शेकोटी तांबडी आणि दोघांचा उजेड जवळजवळ बरोबरीचा. शेकोटीभोवतीचे चेहरे त्याच वेळेत मिळतात. भिंगाचं तोंड एफ २.८ (आकडा लहान तितकं तोंड मोठं), शटर १/६० सेकंद आणि उजेडाची संवेदनशीलता आयएसओ १६००, इथून सुरुवात करा. पऱ्हाटीची आग भसकन पेटते आणि तितक्याच लवकर बसते. कॅमेरा स्वयंचलित ठेवला तर प्रत्येक फोटोचं एक्स्पोजर, म्हणजे त्यात येणारा उजेड, वेगळा येतो, म्हणून मॅन्युअलवर ठेवायचं. रंगांचा समतोल साधणारा व्हाइट बॅलन्सही ‘ऑटो’वर नको. तो निळाई धुऊन काढतो. ‘डेलाइट’वर ठेवा.

आणि फोटो काढण्याआधी राम राम करायचा. ‘नाना, फोटो काढू का?’ एवढं विचारलं की दोन मिनिटं सगळे ताठ बसतात, मग विसरतात. त्यानंतरचे फोटो आपले.

केळीची बाग हा तर खास आपला विषय. कडाक्याच्या थंडीत झाडं जपायला बागेत रात्री ओला-सुका काडीकचरा पेटवून धूर करतात. पहाटे वारा पडलेला असतो, जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार, त्यामुळे तो धूर वर न जाता पानांखाली थरासारखा आडवा पसरतो. ऊन आत शिरलं की दोन ओळींमधून किरणांचे पट्टे उभे राहतात. इथे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर हमखास चुकतो. उजळ धूर त्याला करडा करायचा असतो, म्हणून फोटो काळपट येतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. ऑटोफोकसही धुरात पुढे-मागे चाचपडत राहतो. त्याला मोकळ्या धुरावर न सोडता खोडाच्या कडेवर लावा. मोबाइल असेल तर खोडावर बोट दाबून फोकस कुलूपबंद करा आणि मग उजेडाची पट्टी वर सरकवा. केळीचा चीक कपड्यांना लागला की जन्माचा डाग; कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात आखूड ठेवा, लोंबता नको.

दवाचे थेंब काढायला लोक गवत शोधत फिरतात. हरभरा सोडून गवत कशाला? हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते. तिच्या टोकांना मोहरीएवढे थेंब लटकतात आणि प्रत्येक थेंबात मागचं शेत उलटं दिसतं. गुडघे टेकून थेंबाच्या पातळीवर या, ऊन समोरून तिरपं घ्या, मागे सावलीतली गडद जागा ठेवा. एफ ८ च्या आसपास थांबा. भिंगाचं तोंड फार उघडं ठेवलं तर एकच थेंब स्पष्ट येतो, बाकीचे विरघळतात. वाऱ्याची झुळूक सुरू झाली की १/२५० च्या खाली जाऊ नका. मात्र हा थेंब निव्वळ पाणी नाही. पानांमधलं आम्ल त्यात उतरलेलं असतं. तीच ती आंब, जी शेतकरी पहाटे हरभऱ्यावर फडकं पसरून, पिळून गोळा करतात. ती बोटाला लागलेली असताना लेन्स पुसली तर काचेवर ओघळ उठतात. आधी हात धुवा, मग ओलसर मऊ कापडानं काच पुसा. कोरडी घासू नका, धुळीचे कण ओरखडे पाडतात.

रोजच्या फेरफटक्याला जळगावचा मेहरूण तलाव किंवा धुळ्यातला पांझरा नदीचा काठ पुरे. रोज नवी जागा शोधण्यापेक्षा एकच वाट, एकच लेन्स, ३५ किंवा ५० मिलिमीटर, असं महिनाभर चालवा. चालणारा माणूस १/२५० ला थांबतो, सायकलवाल्याला १/५०० लागतं. बोटं गारठल्यावर आपलाच हात थरथरतो, तेव्हा स्थिर वस्तूलाही १/१२५ ठेवा. ट्रायपॉड काळ्या मातीत रोवत असाल तर पाय थोडे दाबून दोन सेकंदांचा टायमर लावा. घरी आल्यावर चिखल वाळायच्या आत धुवा. सांध्यात वाळलेली काळी माती सिमेंटला भारी.

थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, त्यामुळे ती लवकर मान टाकते. जास्तीची बॅटरी पाठीवरच्या पिशवीत नको, स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. गार पडलेली तिथे गरम केली की थोडी परत येते.

खरी गडबड घरी परतल्यावर होते. कॅमेरा गार, घरात अंघोळीच्या पाण्याची वाफ, चहा उकळतोय. ती दमट हवा गार काचेला लागली की वर दव धरतं, कधी आतल्या भिंगांवरही. म्हणून बाहेर ओट्यावरच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि घरात आणल्यावर अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या. दव धरलं तर ते पिशवीवर धरेल. मेमरी कार्ड मात्र पिशवी बांधण्याआधीच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत कोणीतरी ती गाठ सोडतंच.