तिठ्यावरचा सैतान: 'द ब्लड ऑफ जीझस'

[मूळ चित्रपटातलं दृश्य: नदीवरचा बाप्तिस्मा]

गाणी म्हणत माणसं नदीवर जमली आहेत. आज मार्थाचा बाप्तिस्मा. नवरा रॅझ मात्र फिरकलेला नाही. शिकारीला गेलो होतो म्हणतो. खरं तर शेजाऱ्याची डुकरं मारून आलाय. घरी त्याची बंदूक खाली पडते, बार उडतो. गोळी मार्थाला लागते आणि भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीलाही.

साल १९४१. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना थिएटरातसुद्धा वेगळं बसावं लागे. त्यांच्यासाठी निघणाऱ्या चित्रपटांना 'रेस फिल्म्स' म्हणत. हा त्यांतलाच एक, टेक्सासमध्ये चित्रित झालेला, तासाभराच्या आतला. लेखक, दिग्दर्शक आणि पडद्यावरचा रॅझ, तिन्ही एकच: लुइझियानात जन्मलेले स्पेन्सर विल्यम्स. हाताशी पैसे होते जेमतेम ५,००० डॉलर आणि नट बहुतेक हौशी.

[दृश्य: तिठ्यावरची पाटी]

मरणाच्या दारात पडलेल्या मार्थाचा आत्मा तिठ्यावर येतो. तिथली पाटी सांगते: एक वाट स्वर्गाची, दुसरी नरकाची. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोककथांत सैतान गाठायचा तर रस्ते फुटतात तिथंच. मध्यरात्री जायचं, आत्मा गहाण टाकायचा आणि वाद्यावर हात बसवून परतायचं. सैतान तिठ्यावर भेटतो, ही समजूत विल्यम्स यांनी उचलली. मोहात पडून शहरात गेलेली मार्था तिथल्या नाइटक्लबमधून जीव घेऊन पळते, तर तिठ्यावर सैतान आधीच हजर! अंगात जत्रेतल्या नाटकाला शोभावा असा पोशाख, सोबत उघडा ट्रक आणि ट्रकवर जोरात चाललेला जॅझ बँड.

ट्रकच का, हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. त्या प्रेक्षकांच्या रोजच्या धुळीच्या रस्त्यावरून धावणारं ते वाहन. सैतान त्याच रस्त्यावर उभा केला, म्हणून तो खरा वाटतो. स्वर्गाचं दृश्य मात्र १९११ च्या एका इटालियन मूकपटातून घेतलंय, आणि ते परकंच दिसतं. पुढे त्याच पाटीच्या जागी क्रूस उभा राहतो आणि त्यावरून रक्ताचे थेंब मार्थाच्या तोंडावर पडतात. इतकं धीट दृश्य तेव्हाच्या मोठ्या स्टुडिओंनाही सहज सुचलं नसतं.

या चित्रपटाच्या प्रती १९८३ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी एका गोदामात सापडल्या. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचं नाव लागलं. तरीही सदर्न गॉथिकच्या, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गूढ, भयाण कथांच्या याद्यांत तो क्वचितच भेटतो, आणि हे मला खटकतं. आज तो नेटवर फुकट बघता येतो. बघाल तेव्हा आवाज मोठा ठेवा, कारण निम्मी गोष्ट त्यातला गायकवृंदच सांगतो.