चित्र नळीचं नव्हे, प्रवाहाचं

एमआरआयच्या पडद्यावर मेंदूच्या धमन्या पांढऱ्याशुभ्र दिसताहेत. शिरेतून औषध दिलेलं नाही, क्ष-किरणही नाहीत. मग त्या उजळल्या कशा?

एमआरआयच्या 'टाइम ऑफ फ्लाइट' या रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या पद्धतीत मेंदूच्या एका पट्ट्यावर रेडिओलहरींचे ठोके इतके लागोपाठ बसतात की तिथल्या स्थिर ऊतींना सावरायला उसंतच मिळत नाही, त्या काळवंडतात. मानेतून वर चढणारं ताजं रक्त मात्र ठोके न खाता आलेलं असतं, म्हणून चमकतं. वरून उतरणारं शिरांमधलं रक्त यात मिसळू नये, यासाठी पट्ट्याच्या वर सॅच्युरेशन बँड लावतात, म्हणजे तिथून येणारं रक्त आधीच ठोके देऊन काळं करणारा पट्टा. तो चुकून खाली लागला, तर धमन्याच गायब!

मेख इथेच आहे. दिसतो तो प्रवाह. धमनी अरुंद झाली की पुढे रक्त घुसळतं, सिग्नल विरतो आणि अर्धवट अडथळा पूर्ण बंद वाटतो. फार सावकाश वाहणारं रक्तही वाटेतच ठोके खाऊन काळं पडतं. उलट, काही दिवसांच्या गुठळीतलं मेटहिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनचं बदललेलं रूप, स्वतःच चमकतं, आणि बंद वाहिनी वाहती भासते. गरगर फिरणारं त्रिमितीय चित्र देखणं खरं, पण निदान ज्या एकेका थराच्या चित्रांपासून ते बनलं, त्या मूळ कापांवरूनच करावं. ३ मिलिमीटरहून लहान धमनीचा फुगा (अ‍ॅन्युरिझम) तर तिथेही निसटू शकतो.

झोपेतून उठल्यावर हात लुळा पडलेला आढळला, तर मेंदूचा झटका (स्ट्रोक) कधी आला हे कोण सांगणार? इथे एमआरआयच्या दुसऱ्या पद्धती कामी येतात. ऊतींतल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या डिफ्यूजनमध्ये डाग उजळ, त्याच हालचालीच्या मोजमापाच्या एडीसी नकाशावर काळा, आणि फ्लेअर या आणखी एका पद्धतीच्या चित्रात अजून काहीच नाही, तर घटना बहुधा ४.५ तासांच्या आतली. अशा रुग्णांना गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा फायदा होतो, हे २०१८ साली 'वेक-अप' चाचणीत दिसलं.

बाळंतिणीची न थांबणारी डोकेदुखी असेल, तर मेंदूच्या शिरेत गुठळी आहे का हे पाहायला शिरांचा वेगळा अभ्यास लागतो. डावी आडवी शीर (ट्रान्सव्हर्स सायनस) पुष्कळांत जन्मतःच बारीक असते. तिथे प्रवाह तुटलेला दिसला म्हणून लगेच गुठळी म्हणू नये. आधी रक्ताचे साके टिपणाऱ्या एसडब्ल्यूआय या एमआरआय पद्धतीत तिथे काळा, फुगीर डाग आहे का, ते पाहावं. डाग नाही, आणि त्याच बाजूचं कवटीतलं मानेच्या शिरेचं छिद्रही लहान आहे, तर ती बहुतेक मुळातली ठेवण. तरीही शंका उरली, तर गॅडोलिनियम हे औषध शिरेतून देऊन व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचं चित्रण.