दंडाच्या मध्यापासून आतड्याच्या टोकापर्यंत

(विदर्भातल्या ग्रामीण महाविद्यालयांत गृहविज्ञान आणि आहारशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

आपल्या वर्गातल्या मुली पदवी झाल्यावर कुठे जातात, तिथूनच सुरुवात करते. कुणी पोषण पुनर्वसन केंद्रात आहारतज्ज्ञ होते, कुणी परीक्षा देऊन अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. कुणी एखाद्या संस्थेबरोबर मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या गावांत फिरते. बऱ्याच जणी लग्न होऊन संसारात रमतात, पण त्या घरातही कुणाला तरी रक्त कमी असतं, कुणाला साखर असते, आणि घरचे तिलाच विचारतात. या सगळ्यांना शरीररचना लागते. पण आपण ती शिकवतो वैद्यकीय महाविद्यालयाच्या क्रमाने. आधी पेशी, मग ऊती, मग २०६ हाडं, मग स्नायू. पचनसंस्थेपर्यंत पोचेतो सत्र संपत आलेलं असतं, आणि जो भाग आपल्या विषयाचा गाभा आहे तो शेवटच्या आठवड्यात नोट्स देऊन उरकला जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आहारशास्त्राच्या मुलीला शरीररचना ‘कुठे’ या प्रश्नातून शिकवावी. लोह शरीरात कुठे शिरतं? बी-१२ कुठे शिरतं? ती जागा आजारी पडली तर काय होईल? टेप नेमकी कुठे लावायची?

टेपचंच बघा. मूल ६ ते ५९ महिन्यांचं असलं की दंडाचा घेर मोजतात. ११५ मिलीमीटरच्या खाली आला तर तीव्र कुपोषण, आपण सॅम म्हणतो ते. ११५ ते १२५ च्या आत असला तर मध्यम, म्हणजे मॅम. या दोन आकड्यांत फक्त एका सेंटीमीटरचं अंतर आहे. टेप वरखाली झाली, घट्ट आवळली गेली, तर मूल एका यादीतून दुसऱ्या यादीत जातं, आणि उपचार मिळायचे की नाहीत ते त्यावर ठरतं. म्हणून माझ्या वर्गात पहिली दोन हाडांची टोकं येतात ती ही : खांद्याच्या माथ्यावरचं ॲक्रोमिअन आणि कोपराचं टोक, ओलेक्रेनॉन. डावा हात काटकोनात वाकवायचा, दोन्ही टोकं बोटांनी चाचपायची, मधोमध खूण करायची. मग हात सैल सोडून टेप लावायची. मुली एकमेकींच्या दंडावर पेनाने खुणा करतात. दोघींच्या खुणा वेगळ्या आल्या की वाद होतो, आणि त्या वादात दंडाचं हाड ह्यूमरस, मागचा-पुढचा स्नायू ट्रायसेप्स-बायसेप्स, त्वचेखालची चरबी हे सगळं येऊन जातं. उपासमारीत चरबी आणि स्नायू झिजतात, हाड मात्र जवळपास तेवढंच राहतं. त्यामुळे घेर कमी होतो तो कशाने, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

याला जोडूनच पावलाचा वरचा भाग शिकवते. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबायचं आणि खळगा राहतो का ते बघायचं. सूज दोन्हीकडे असेल तर दंडाचा आकडा कितीही चांगला असो, ते मूल तीव्र कुपोषितच.

आता पोटाकडे येते, कारण आपला खरा मुक्काम तिथे आहे.

सुतळीचा एक गुंडा आणा. सहा मीटर मोजा, ते लहान आतडं. पुढे दीड मीटर दुसऱ्या रंगाची दोरी जोडा, ते मोठं आतडं. पुस्तकातला सहा मीटरचा आकडा मृतदेहावर मोजलेला आहे. जिवंतपणी स्नायूंच्या ताणामुळे आतडं बरंच आखूड असतं, हे मुलींना सांगून ठेवा. ही दोरी वर्गाच्या भिंतीवर खिळ्यांना अडकवायची आणि सुरुवातीपासून २५ सेंटीमीटरवर लाल चिठ्ठी लावायची. एवढंच ड्युओडेनम. लोह मुख्यतः इथे आणि पुढच्या भागाच्या, म्हणजे जेजुनमच्या, सुरुवातीला शोषलं जातं. बाकीच्या एवढ्या लांब दोरीचा लोहाला फारसा उपयोग नाही. कॅल्शियमचीही मुख्य जागा वरच्याच भागात. बी-१२ ची चिठ्ठी मात्र पार दुसऱ्या टोकाला, लहान आतड्याचा शेवटचा भाग जो इलियम त्याच्या शेवटी, जिथून पुढे मोठं आतडं सुरू होतं.

लाल चिठ्ठीपाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. आपण सगळेच मुलींना सांगतो, लोह हवं असेल तर जेवणाबरोबर लिंबू घ्या, जेवणावर लगेच चहा नको. त्या पाठ करतात आणि पेपरात लिहितात. पण बरोबरच का, नंतर का नाही, याचं उत्तर शरीररचनेत आहे. ज्वारीच्या भाकरीतलं, तुरीच्या वरणातलं, आंबाडीच्या किंवा तरोट्याच्या भाजीतलं लोह सहज शोषलं जाणारं नसतं. जठराच्या आम्लात ते विरघळतं, क जीवनसत्त्वाच्या सोबतीने शोषता येईल अशा रूपात येतं. पुढे स्वादुपिंडाचा रस त्यात मिसळतो, आम्लता उतरते, आणि विरघळलेलं लोह पुन्हा अडकून पडू लागतं. मधला तो जो आखूड पट्टा, तेवढीच संधी. लिंबू त्याच घासाबरोबर ताटात हवं. वरूड-मोर्शीकडे संत्रं मुबलक असतं, पण दुपारी चारला झाडाखाली बसून खाल्लेल्या संत्र्याने सकाळच्या भाकरीतलं लोह शोषायला मदत होत नाही. ती भाकर तोवर लाल चिठ्ठी ओलांडून कितीतरी पुढे गेलेली असते. चहातलं टॅनिनही याच पट्ट्यात लोहाला धरून ठेवतं, म्हणून चहा तास-दोन तास लांब. एकदा भिंतीवरची दोरी डोळ्यासमोर बसली की हा सल्ला मुली स्वतःच्या आईला पटवून देऊ शकतात.

बी-१२ ची गोष्ट उलट आहे. जठराच्या भिंतीतल्या पेशी इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन सोडतात. त्याच्याशी जोडी जमली तरच शेवटच्या टोकाला बी-१२ आत घेतलं जातं. म्हणजे जठर बिघडलं तरी कमतरता, आणि इलियमचं टोक बिघडलं तरी कमतरता. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग सर्वांत जास्त दिसतो तो नेमका याच जागी, लहान आणि मोठं आतडं मिळतात तिथे. अशा रुग्णाचं ते टोक शस्त्रक्रियेत काढलेलं असेल, तर दूध-अंडी वाढवून भागणार नाही, इंजेक्शन लागेल. शिवाय यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो, त्यामुळे पायांना मुंग्या येण्यासारखा त्रास उशिरा सुरू होतो आणि जुन्या शस्त्रक्रियेशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. पोटावरचा व्रण बघून ‘काय काढलं होतं?’ असं विचारणारी आहारतज्ज्ञ मला हवी आहे.

स्निग्ध पदार्थांबद्दल थोडक्यात. साखर आणि अमिनो आम्लं (प्रथिनांचे पचलेले तुकडे) आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातात. यकृताला मिळणाऱ्या रक्तातलं सुमारे तीन चतुर्थांश याच शिरेतून येतं. स्निग्ध पदार्थ मात्र बहुतेक लसिकावाहिन्यांतून, म्हणजे रक्तवाहिन्यांहून वेगळ्या बारीक नळ्यांतून, छातीतल्या थोरॅसिक डक्ट या त्यांच्या मोठ्या नळीमधून थेट मानेच्या डाव्या बाजूच्या शिरेत उतरतात, आणि त्यांच्याबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही. हे दोन रस्ते फळ्यावर दोन रंगांत काढले की यकृताच्या आणि पित्ताच्या आजारातला आहार शिकवायला पुढे फार सोपं जातं.

एक दुरुस्तीही करायला हवी. लहान आतड्याचा आतला पृष्ठभाग टेनिस कोर्टाएवढा असतो, असं अजून कितीतरी पुस्तकांत छापतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये सूक्ष्मदर्शकाने पुन्हा मोजलं, तर तो सुमारे ३० चौरस मीटर निघाला. अर्ध्या बॅडमिंटन कोर्टापेक्षाही थोडा कमी. मोठा आकडा ऐकायला छान वाटतो, पण तो आपण पुढच्या पिढीला देऊ नये.

आता मला सर्वांत प्रिय असलेला तास. वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, “मॅडम, गोळ्या त सुरूच हायेत, मंग रक्त काऊन नाही वाढत?” या प्रश्नाची उत्तरं अनेक आहेत. त्यातलं एक असं, की ते देताना तीन संस्था एकाच तासात शिकवून होतात. अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म, पावसाळ्यात ओल्या, सावलीच्या मातीत असतात. कपाशीत निंदण करणारी बाई अनवाणी असते. या कृमीची अळी तिच्या पायाच्या बोटांमधल्या नाजूक त्वचेतून शिरते. इथे मी थांबते आणि खडू एका मुलीच्या हाती देते. अळी आता कुठे जाईल? पायाच्या शिरेत. तिथून? मांडीची शीर, मग पोटातली मोठी शीर, इन्फीरिअर व्हेना कावा. मग हृदयाचा उजवा कप्पा, वरचा आणि खालचा. मग फुप्फुसाची धमनी. धमनी असून तिच्यात अशुद्ध रक्त कसं, हा नेहमीचा घोळ इथेच सुटतो, कारण अळीच्या मागे मागे जाताना मुलींना तो रस्ता दिसत असतो. फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत अळी अडकते, भिंत फोडून वायुकोषात येते. श्वासनलिकेतून वर चढत घशापर्यंत पोचते. घशात दोन वाटा एकत्र येतात, तिथे ती नकळत गिळली जाते. अन्ननलिका, जठर, आणि शेवटी लहान आतडं. तिथे भिंतीला दात लावून ती रक्त पिते. ॲन्सायलोस्टोमा जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.१५ मिलीलिटर रक्त खर्ची पाडतो. शंभर कृमी असतील तर रोज १५ मिलीलिटर. आहारातून तेवढं लोह भरून काढणं त्या बाईला शक्य नाही.

हा रस्ता काढून झाल्यावर १० फेब्रुवारीचा राष्ट्रीय जंतनाशक दिन, ॲल्बेन्डॅझोलची गोळी, शेतात चप्पल, घरी शौचालय, हे सगळं एकमेकांशी जोडलेलं मुलींना दिसतं. आणि रक्ताभिसरणाचा धडा? तो परत शिकवायची गरज उरत नाही.

प्रत्यक्ष अवयव दाखवायचे कुठून, हा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी आधीच विचारला आहे. १९४९ च्या शरीररचना कायद्याखाली मृतदेह अधिकृत संस्थांनाच मिळतात, आपल्या महाविद्यालयांना नाही. पण सेवाग्राम, सावंगी, नागपूर, अमरावती, यवतमाळ, अकोला इथे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या शरीररचना विभागाला पत्र देऊन एक दिवस मागावा. जाण्याआधी मुलींना देहदानाबद्दल सांगा. समोर जो देह आहे तो कुणीतरी स्वेच्छेने दिलेला असू शकतो. तिथे फोटो काढायचे नाहीत, हसायचं नाही.

आपल्या प्रयोगशाळेत बोकडाचे अवयव चालतात. खाटकाला आदल्या दिवशी सांगावं लागतं, की काळीज पित्ताशयासकट दे, आतड्याचा पहिला भाग तोडू नकोस. आतड्याचा तुकडा उभा चिरून ताटलीत पाण्याखाली ठेवला आणि भिंगातून बघितलं की आतली लव हलताना दिसते. त्या उंचवट्यांना पुस्तकात व्हिलाय म्हणतात, पण एकदा पाण्यात बघितलेली मुलगी ते नाव विसरत नाही. फक्त एक सांभाळा : बोकड रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या जठराला चार कप्पे असतात, आणि वजडी म्हणून आपण खातो ते पहिले कप्पे माणसात नसतातच. तो फरकही शिकवण्यासारखा आहे. कडबा बोकडाला पचतो, आपल्याला का पचत नाही, ते त्यातून कळतं. ज्यांच्या घरी मांसाहार वर्ज्य आहे, महानुभाव किंवा वारकरी घरांतल्या मुली, त्यांच्यावर सक्ती करू नका. त्यांना स्वतःच्या अंगावर अवयवांच्या जागा शोधू द्या. गिळताना वर सरकणारी थायरॉईड, उजव्या फासळ्यांच्या कडेखालचं यकृत, डावीकडे नवव्या ते अकराव्या फासळीच्या आड लपलेली प्लीहा. रुग्णाला नाकातून नळी घालतात तेव्हा नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत लांबी मोजतात. तेही एकमेकींवर मोजता येतं.

प्लीहेचं नाव घेतलंच आहे तर सिकलसेलबद्दल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल, बोलायलाच हवं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, इकडे मेळघाट, कुठल्याही वर्गात एखादी तरी मुलगी वाहक असण्याची शक्यता धरून चाला, आणि शिकवताना तिच्याकडे वळून बघू नका. या आजारात प्लीहा लहानपणीच आतल्या आत निकामी होते, म्हणून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. रक्त कमी दिसलं की लोहाची गोळी, हा नियम इथे लागू पडत नाही. तुटलेल्या तांबड्या पेशींतलं लोह शरीरातच परत येत असतं, आणि वारंवार रक्त दिलेल्या रुग्णात तर ते साचतं. आधी तपासणी, मग सल्ला.

मज्जासंस्था आपल्याकडे नुसती नावापुरती शिकवतात. पूर्व विदर्भातल्यांना माझी सूचना आहे, ती लाखोळी डाळीतून शिकवा. दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून लाखोळी खाल्ली की तिच्यातल्या विषारी घटकाने मेंदूकडून पायांकडे हुकूम नेणारे मज्जातंतू बिघडतात. पाय ताठरतात, माणूस काठीवर येतो, पण स्पर्श कळत राहतो. हालचालीचे तंतू वेगळे आणि संवेदनेचे वेगळे, हे समजायला याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

शेवटी परीक्षेबद्दल, कारण मुली परीक्षेत येतं तेच शिकतात. ‘पचनसंस्थेची नामनिर्देशित आकृती काढा’ हा प्रश्न राहू द्या, पण अंतर्गत गुणांत आणखी तीन घाला. एक, जोडीदारणीच्या दंडाचा मध्य शोधून दाखवा. दोन, पायातून शिरलेल्या अळीचा रस्ता लिहा. तीन, एका बाईचं इलियमचं शेवटचं टोक काढलं आहे, पाच वर्षांनी तिच्या पायांना मुंग्या येतात, तिला काय विचाराल आणि कुठे पाठवाल? उत्तरं मराठीत घ्या, अवयवांची नावं इंग्रजी असली तरी चालतील. तुमच्या महाविद्यालयात असे प्रश्न तयार झाले असतील तर मला द्या, मी माझे देते. आता तुमच्या शंका घेऊ. मागे बसलेल्या सरांचा हात मघापासून वर आहे.