पुलाच्या केबिनमध्ये पंचांग

(दृश्य: गोवा. मांडवी नदीतल्या चोडण बेटाचा फेरी धक्का. सकाळचे साडेआठ. स्कूटरींची रांग, हँडलला अडकवलेले डबे. पलीकडे रायबंदर.)

फेरी भरली आहे. शेवटची स्कूटर तिरकी करून कशीबशी आत बसवली, रॅम्प वर आला, इंजिनाचा आवाज वाढला आणि पुन्हा खाली गेला. फेरी जागची हलली नाही. कुणीतरी मान उंचावून नदीच्या वरच्या अंगाला बघतं आणि म्हणतं, "आली बघा."

बार्ज येते आहे.

बार्ज म्हणजे नदीतून माल नेणारी लांब, सपाट बोट. खनिजाने भरलेली बार्ज जवळून बघितली नसेल, तर ही बघून घ्या. पोटात दोन हजार टनांच्या आसपास माल. कडा पाण्याच्या इतक्या जवळ की लाट आत येईल असं वाटतं. मागच्या बाजूला छोटीशी खोली, तिच्या कठड्यावर वाळत घातलेला लाल टॉवेल. ती घाईत नाही. तिला घाई करताच येत नाही. फेरीवरची शंभरेक माणसं घड्याळाकडे बघतात आणि बार्ज त्यांच्यासमोरून, लग्नाच्या वरातीसारखी, निघून जाते. मग आपण सुटतो.

मयेहून पणजीला कामाला जाणारा मी. ही वरात किती वेळा बघितली त्याचा हिशेब नाही. पण एकदा, नेमका महत्त्वाच्या कामाला उशीर झाला तेव्हा, मनात आलं की इथे थांबायचं कुणी हे ठरवलं कुणी? शंभर माणसांनी का थांबायचं, आणि मूठभर खलाशांनी का नाही?

(दृश्य: बार्जच्या मागे पसरत जाणारं पाणी.)

नियम जुना आहे आणि जगभर सारखा आहे. अरुंद पात्रात जे जहाज खोल पाण्याची वाट सोडून बाजूला होऊच शकत नाही, त्याच्या वाटेत आडवं जाणाऱ्याने यायचं नाही. फेरी आडवी जाते, म्हणून फेरी थांबते. यात मोठ्या माणसाचा मान वगैरे काही नाही. स्कूटरला ब्रेक असतो, बार्जला नसतो, एवढंच. इंजिन उलटं फिरवलं तरी दोन हजार टन वजन आपल्या गतीने बरंच अंतर कापून मगच थांबतं. त्यात ओहोटीचा प्रवाह मागून ढकलत असेल तर सुकाणूही धड ऐकत नाही.

आता फेरीच्या जागी पूल आहे असं समजा. उंच नव्हे, बसका. बोट आली की मधला भाग उचलायचा, गेली की खाली टाकायचा. गोव्यात असा पूल नाही. आपण नद्यांवर उंच आणि पक्के पूल बांधले. त्यातला मांडवीवरचा पहिला, नेहरू पूल, ५ जुलै १९८६ ला कोसळला आणि पणजी-बेती फेरीवर अख्ख्या उत्तर गोव्याचा भार आला. ज्यांनी ती वर्षं काढली, ते आजही पुलावरून जाताना खाली बेतीच्या धक्क्याकडे एकदा बघतात. आज तिथे तीन पूल आहेत. तिसऱ्याचं, अटल सेतूचं, उद्घाटन २७ जानेवारी २०१९ ला झालं. फेरी मात्र अजून चालू आहे.

उघडणारा पूल जिथे आहे, तिथे आमच्या धक्क्यावरचं भांडण रोज, घड्याळ लावून चालतं.

(दृश्य: रेखाचित्र. दोन पंख उचललेला पूल, मधून जाणारी शिडाची बोट.)

लंडनचा टॉवर ब्रिज १८९४ सालचा. वर्षाला साधारण आठशे वेळा उघडतो. बोटवाल्याने किमान २४ तास आधी कळवायचं, पैसे पडत नाहीत, आणि एकदा वेळ दिली की ती वेळ बोटीची. मे १९९७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन गाड्यांच्या ताफ्यासह या पुलावरून जात होते. ताफा अर्धा पलीकडे गेला आणि पूल उघडला. ग्लॅडिस नावाची एक जुनी शिडाची बार्ज आपल्या ठरलेल्या वेळी आली होती. जगातला सगळ्यात बलाढ्य माणूस एका बाजूला, त्याच्या निम्म्या गाड्या दुसऱ्या बाजूला. मला हा प्रसंग फार आवडतो. कारण त्या दिवशी वेळेवर फक्त ग्लॅडिस होती.

आपल्या देशातही हे झालं आहे. कोलकात्याचा आजचा हावडा पूल १९४३ चा. त्याआधी तिथे १८७४ पासून तरंगता पूल होता, तराफ्यांवर टाकलेला. जहाज आलं की मधला भाग सोडवून बाजूला ओढायचा. १९०६ पर्यंत हे काम फक्त दिवसा व्हायचं, म्हणजे बैलगाड्या आणि माणसांची गर्दी असतानाच. त्या वर्षी जूनपासून पूल रात्री उघडायला लागला आणि समुद्रावर जाणारी मोठी जहाजं सोडून बाकी सगळ्यांना रात्रीची वाट दाखवली गेली. ना नवा खांब, ना नवी साखळी. फक्त वेळ बदलली.

वेळ बदलल्याने एवढा फरक का पडतो, ते जरा गणितात बघू. शाळेत काम-काळ-वेगाची गणितं सोडवली होती ना, तेवढंच आहे.

(दृश्य: पडद्यावर आकडे एकेक करून उमटतात.)

समजा, पूल सहा मिनिटं बंद राहिला. ऑफिसच्या वेळी मिनिटाला २० गाड्या येतात, म्हणजे १२० गाड्या अडकल्या. पूल सुरू झाल्यावर मिनिटाला ३० गाड्या सुटू शकतात. पण मागून २० येतच आहेत. रांग घटते ती मिनिटाला दहानेच. म्हणजे पूल बंद होता सहा मिनिटं, आणि रांग विरायला आणखी बारा.

तोच पूल दुपारी दोनला सहा मिनिटं बंद ठेवा. मिनिटाला १० गाड्या, अडकल्या ६०, रांग घटते मिनिटाला वीसने. तीन मिनिटांत रस्ता मोकळा. गाड्या निम्म्या होत्या, पण सगळ्यांचा मिळून वाया गेलेला वेळ धरला तर तो निम्मा नाही, चौथा हिस्सा आहे.

हे पहिलं. दुसरं जरा फसवं आहे. ऑफिसच्या त्याच वेळी पूल सहाच्या ऐवजी बारा मिनिटं बंद ठेवला तर त्रास दुप्पट होत नाही, चौपट होतो. गाड्याही दुप्पट अडकतात आणि प्रत्येक जण थांबतोही दुप्पट.

मग एकेक बोट वेगळी सोडावी? तेही परवडत नाही. घंटा वाजवा, फाटक पाडा, पुलावरचा शेवटचा सायकलवाला उतरेपर्यंत थांबा, कुलुपं काढा, उचला, मग सगळं उलट्या क्रमाने. समजा, यात चार मिनिटं गेली आणि बोटीला स्वतःला लागली दोनच. तीन बोटी वेगवेगळ्या सोडल्या तर अठरा मिनिटं बंद, एकदम सोडल्या तर दहा. हे आकडे मी कागदावर मांडले तेव्हा गंमत वाटली. त्रास बंदीच्या मिनिटांच्या वर्गाने वाढतो, म्हणून तीनदा सहाचा वर्ग १०८ आणि एकदा दहाचा वर्ग १००: तीन बोटी एकत्र सोडण्यात रस्त्याचा थोडाच फायदा. चार झाल्या की एकत्र काय, वेगळ्या काय, सारखंच. पाचवी त्यात घेतली की रस्ता तोट्यात. अर्थात दोन वेळांमध्ये रांग पूर्ण विरायला हवी, आणि एकेक सोडायचं तर प्रत्येक फेऱ्यात अठरा मिनिटं जातात (सहा पूल बंद, बारा रांग विरायला). चौथ्या बोटीने तोवर प्रवाहात इंजिन चालू ठेवून एका जागी उभं राहायचं. हे दमवणारं काम आहे. गाडी बंद करून चहा प्यायला जाण्यासारखं ते नाही.

म्हणून बहुतेक ठिकाणी तडजोड होते ती दोन गोष्टींवर: ठरावीक अंतराने उघडायचं, म्हणजे बोटी आपोआप जथ्याने येतात, आणि ऑफिसच्या वेळा वगळायच्या. अमेरिकेत सिएटल शहरात कालव्यावर असे पूल आहेत. त्यातला फ्रीमाँटचा पूल १९१७ चा, पाण्यापासून जेमतेम तीस फूट उंच, त्यामुळे तो दिवसाला सरासरी पस्तीस वेळा उघडतो. तिथे सोमवार ते शुक्रवार, सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सहा, छोट्या बोटींसाठी पूल उघडत नाही. एक हजार टनांच्या किंवा त्याहून मोठ्या जहाजाला मात्र हा नियम लागू नाही. आमच्या बार्जचाच न्याय. ज्याला थांबता येत नाही, त्याला थांबायला सांगू नका.

रशियात सेंट पीटर्सबर्गला याच्या उलट. नेव्हा नदीवरचे पूल एप्रिल ते नोव्हेंबरच्या हंगामात मध्यरात्रीनंतर उघडतात, आणि जो माणूस चुकीच्या किनाऱ्यावर राहिला तो पहाटेपर्यंत तिथेच. आपल्याकडे शेवटची फेरी चुकलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

(दृश्य: भिंतीवर टांगलेलं पंचांग. त्याखाली जाळं विणणारे हात.)

पण या सगळ्या वेळापत्रकांत एक गोष्ट मला खटकते. ती रस्त्याच्या घड्याळावर लावलेली आहेत. पाण्याचं घड्याळ वेगळं आहे, आणि ते आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक मच्छीमाराच्या घरात भिंतीवर टांगलेलं असतं.

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. आज अष्टमी? आठाचे पाऊणपट सहा. भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमा? पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी एकदा, आणि साधारण साडेबारा तासांनी पुन्हा एकदा. हिशेब ढोबळ आहे, वाऱ्यापावसाने मागेपुढे होतो. पण आजोबांनी होडी ढकलली ती याच्याच भरवशावर. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. दोन मीटर म्हणजे उभा माणूस बुडेल एवढं पाणी. खोल तळाची, भरलेली बार्ज उथळ जागा पार करायला भरती धरते. उलट, उंच डोलकाठीची छोटी बोट ओहोटीला बसक्या पुलाखालून तशीच निसटू शकते, पूल उघडावाच लागत नाही.

आता ही पाऊणपट ऑफिसच्या वेळेला लावून बघा. दशमीला भरती साडेसातला. एकादशीला सव्वाआठला. द्वादशीला नऊला. त्रयोदशीला पावणेदहाला. सकाळची टक्कर पंधरवड्यात होते ती या चार दिवशी. संध्याकाळची होते सप्तमी, अष्टमी, नवमीच्या आसपास. बाकीच्या दिवशी भरती पहाटे येते, दुपारी येते, आपल्या आड येतच नाही. म्हणजे सकाळी दोन तास बोटी बंद, असा नियम वर्षभर लावला तर बऱ्याच दिवशी आपण विनाकारण बोट अडवली.

यावर कुणी म्हणेल, स्कूटरवाल्याने आता तिथी पाठ करायची का? बरोबर आहे. रस्त्यावरच्या माणसाला एकच वेळ हवी असते, रोजची, न बदलणारी. वेळापत्रक थोडं चुकीचं असलं तरी चालेल, पण लक्षात राहायला हवं. मी स्वतः त्याच बाजूचा आहे. फक्त पुलाच्या केबिनमध्ये बसणाऱ्याने घड्याळाशेजारी पंचांग टांगावं, म्हणजे पुढच्या आठवड्यात कुठल्या सकाळी बोटवाल्याचा फोन वाजणार आहे ते त्याला आधीच कळेल.

(दृश्य: पाऊस. कुंभारजुव्याचा कालवा, दोन्ही काठांना खारफुटी.)

ऋतूचाही हिशेब आहे. पावसाळ्यात आग्वादपाशी मांडवीच्या मुखावर वाळूचा दांडा आणि खवळलेला समुद्र, त्यामुळे बार्जना तिकडून जाता येत नाही. त्या कुंभारजुव्याच्या कालव्याने झुवारी नदीत उतरतात आणि मुरगाव बंदर गाठतात. पंधराएक किलोमीटरचा हा अरुंद कालवा, काठाला मगरी. याच कालव्यावर बाणस्तारीचा पूल आहे, फोंडा आणि पणजीला जोडणारा. तो उघडणारा पूल असता तर? चतुर्थीच्या आधी बाणस्तारीला माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचा, बाजार भरतो. नारळाचा घड, सुपारीचा घड, रानातल्या कांगल्या घ्यायला माणूस उसळतो. भर पावसाळा, नदीचं तोंड बंद, सगळ्या बार्ज कालव्यात, आणि पुलावर माटोळी घेऊन निघालेली माणसं. त्या दिवशी कुठल्याही वेळापत्रकाने काम भागलं नसतं. पोलीस लागले असते.

(दृश्य: पुन्हा फेरी. रायबंदरचा धक्का जवळ येतो.)

चोडणला पूल हवा ही मागणी जुनी आहे. २०२५ च्या जुलैपासून या मार्गावर दोन मोठ्या रो-रो फेरी (गाडी एका टोकाने चढवायची, दुसऱ्या टोकाने उतरवायची) आल्या, त्यात गाड्या जास्त मावतात. तरीही धक्क्यावर उभं राहणारा प्रत्येक जण पुलाचीच भाषा बोलतो. झाला तर तो उंचच होईल, उघडणारा नव्हे, आणि मला वाटतं ते बरंच आहे. बोटी खालून जातील, आपण वरून, कुणी कुणाकडे बघणारही नाही.

रॅम्प खाली आला. पुढच्या स्कूटरी सुटल्या, मागच्यांनी हॉर्न वाजवला. नऊ वाजून गेले आहेत. आज द्वादशी होती, हे मला सकाळीच बघायला हवं होतं.

उद्या त्रयोदशी. भरती पावणेदहाला. साडेआठची फेरी उद्या वेळेवर सुटेल बहुतेक.