घशापर्यंत आलेली तर्री

(जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात, हरिनाम सप्ताहाच्या आधी, भजनी मंडळी आणि शिक्षकांपुढे एका कान-नाक-घसा तज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)

मंडळी, माझी ओळख करून देणं चाललं होतं तेवढ्या वेळात मागच्या रांगांतून आठ-दहा वेळा घसा खाकरल्याचा आवाज आला. मी मोजत होतो. धंद्याची सवय, दुसरं काय.

माझ्याकडे येणाऱ्या कीर्तनकाराची आणि मास्तरांची तक्रार ठरलेली असते. सकाळी आवाज घोगरा. घशात गोळा अडकल्यासारखं. थुंकावं तर निघत नाही, गिळावं तर जात नाही. हळद-दूध झालेलं असतं, गुळण्या झालेल्या असतात, प्रतिजैविकांचे दोन कोर्सही झालेले असतात. मी विचारतो, "पित्त?" उत्तर येतं, "छे डॉक्टर, छातीत कधीच जळजळ नाही." गल्लत इथंच होते. आम्ल घशापर्यंत येणाऱ्या बऱ्याच जणांना छातीत काहीच जाणवत नाही.

अन्ननलिका साधारण पंचवीस सेंटिमीटरची. खाली जठराच्या तोंडाशी एक झडप, वर घशाशी दुसरी. खालची झडप अधूनमधून सैल होते आणि थोडं आम्ल वर येतं. हे धडधाकट माणसातही घडतं. अन्ननलिका ते सहन करते, लाळेच्या घोटाबरोबर पुन्हा खाली ढकलते. स्वरयंत्राचं अस्तर मात्र नाजूक. तिथं थेंबभर पोचलं तरी सूज येते. सूज आली की माणूस खाकरतो, खाकरलं की स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, त्यानं सूज आणखी वाढते. असा रहाट सुरू झाला की तो आपोआप थांबत नाही.

आणि वर येतं ते नुसतं आम्ल नसतं. सोबत पेप्सिन असतं, डाळीतली-मटणातली प्रथिनं तोडणारं पाचक द्रव्य. आपला घसाही शेवटी मांसाचाच! हे पेप्सिन घशाच्या पेशींना चिकटून राहतं. तिथं आम्ल नसलं की ते झोपतं, पण मरत नाही. मग दुपारी तुम्ही वरून काहीतरी आंबट ओतता आणि त्याला जागं करता, असं या विषयात काम करणाऱ्या संशोधकांचं म्हणणं आहे. सामू म्हणजे पीएच, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीचच्या घरात, कोला पेयांचाही जवळपास तितकाच. पाण्याचा सात.

आता आपल्याकडची रीत बघा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला, पोट जड झालेलं, तर माणूस काय करतो? टपरीवर जाऊन लिंबू-सोडा मारतो. ढेकर आली की म्हणतो, "पित्त उतरलं." अहो, ती ढेकर म्हणजे सोड्याचाच वायू. तो पोट फुगवतो, झडप उघडतो आणि जाता जाता आम्लाचे तुषार घशावर शिंपडून जातो. पित्तावरचं औषध म्हणून पित्तच घशात आणायचा हा प्रकार माझ्या ओपीडीला बारमाही काम पुरवतो.

मिरचीबद्दल मला थोडी बाजू घ्यायची आहे. खान्देशी माणसाचा घसा धरला की घरचे पहिल्यांदा ठेचा बंद करतात. आधीच सुजलेल्या घशाला तिखट झोंबणारच, ते मान्य. पण शेवभाजी बघा. वाटीवर बोटभर तर्री, म्हणजे तेलाचा लाल तवंग, त्यात तळलेली शेव. तेलकट जेवण जठरातून लवकर पुढे सरकत नाही आणि झडपही सैल पडते. म्हणजे पोट भरलेलं, दार उघडं. आपण मिरचीला फाशी देतो आणि तेल मात्र निर्दोष सुटतं.

भरताचंही तसंच. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, त्या वांग्यावर मी आरोप करणार नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं पोटाला हलकंच. पण थंडीतली भरीत पार्टी कशी होते? मळ्यात जमायचं आठला, वांगी भाजायची नऊला, पंगत बसते साडेदहाला. शेंगदाण्याचं तेल सढळ, सोबत पुऱ्या, पुऱ्या संपल्या की कळण्याची भाकरी, आग्रह वेगळाच. आणि साडेअकराला तिथंच खाटेवर आडवं. उभ्या माणसाचं आम्ल वजनानं खाली राहतं. आडव्या माणसात जठर आणि घसा एका पातळीवर येतात. सकाळी काकड्याला आवाज लागत नाही, तेव्हा बुवा म्हणतात, "मळ्यात थंडी बाधली." थंडी नव्हे बुवा, साडेदहाची पुरी!

म्हणून मी पथ्याचा कागद देताना पदार्थांच्या आधी घड्याळ लिहितो. शेवटचा घास आणि अंथरूण यांत तीन तास. आपल्याकडची जैन कुटुंबं सूर्यास्तापूर्वी जेवतात, त्यांना हे शिकवावं लागत नाही. सप्ताहात कीर्तन अकराला सुटतं, मग महाप्रसाद, हे मला ठाऊक आहे. बुवांनी कीर्तनाआधी सहाला थोडं खावं, नंतर प्रसाद प्रसादापुरता घ्यावा. झोपताना उशीवर उशी नको, त्यानं नुसती मान मुडपते. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा द्या. आणि डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर जठराचं तोंड आम्लाच्या वर राहतं. वामकुक्षी या शब्दातच कूस सांगितलेली आहे, आपण फक्त झोप तेवढी उचलली.

गोळ्यांचं काय? ब्रिटनमध्ये घशाच्या जुन्या तक्रारी असलेल्या ३४६ जणांवर एक चाचणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना सोळा आठवडे आम्ल कमी करणारी लॅन्सोप्राझोल, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. दोन्हीकडे सारखाच आराम. त्याआधी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात भाज्या-फळं-धान्यांचा आहार आणि अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, पाणी घेणारे रुग्ण गोळीवाल्यांच्या मागे पडले नाहीत. तो जुन्या नोंदींवरचा अभ्यास होता, त्यामुळे डोक्यावर घेऊन नाचू नका. तेवढ्यासाठी महागडं पाण्याचं यंत्रही घेऊ नका. आणि पोटाच्या दुसऱ्या कारणासाठी गोळी चालू असेल तर माझं ऐकून ती बंद करू नका.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला, घास अडकतोय, थुंकीत रक्त आहे, मानेला गाठ आहे, वजन उतरतंय, तर पथ्य करत बसायचं नाही, दुर्बिणीनं घसा तपासून घ्यायचा. तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

बाकी आपलं ताट वाईट नाही. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, गिलके, दुधी, कमी तेलातली मेथी. केळी तर रावेर-यावलला दारात. बहुतेकांच्या घशाला ती चालतात, वेफर नव्हे. ताक आंबट नसेल तर दुपारी. चहा उपाशीपोटी नको, आणि दिवसाला सहा तर नकोच. वरण-बट्टी करा, पण बट्टी तुपात बुडवायची की तुपाची धार धरायची, ते ज्याचं त्यानं बघावं.

(प्रश्नोत्तरांत एका आजींनी आखाजीबद्दल, म्हणजे अक्षय्य तृतीयेबद्दल, विचारलं, "आखाजीले आमरस-पुरणपोळी बी बंद का?")

नाही आजी. आखाजी वर्षातून एकदाच येते. भर दुपारी जेवा, दोन पोळ्यांची भूक असेल तर दीड खा, रस पिकल्या गोड आंब्याचा करा. फक्त जेवल्यावर आडव्या होऊ नका. पोरी झाडाला झोके बांधून गाणी म्हणतात ना, तिथं सावलीत खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत बसा.